परग्रहवासी ऑर्किडच का वाढवतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विज्ञानकथांमध्ये, विशेषतः दूरचित्रवाणीवरच्या अंतराळमालिकांमध्ये, एखादी प्रगत आणि संयमी परकी संस्कृती दाखवायची झाली की तिच्यातले पात्र फावल्या वेळात ऑर्किड वाढवताना का दिसते? गुलाब, निवडुंग किंवा नेचे का नाहीत? मी गेली सव्वीस वर्षे ऑर्किड वाढवते, त्यांचे संकर करते, बी रुजवते, आणि विज्ञानकथाही तितक्याच आवडीने वाचते. नेहमी मिळणारे उत्तर असते की ऑर्किडचे फूल दिसायलाच परग्रहावरचे वाटते. ते चुकीचे नाही, पण ते अर्ध्या वाटेत थांबते. केवळ विचित्र दिसण्याचाच प्रश्न असता, तर ते फूल परक्या ग्रहाच्या जंगलात उगवलेले दाखवून भागले असते. इथे मात्र परग्रहवासी ते कुंडीत लावतो, रोज निरखतो, त्याची निगा राखतो. म्हणून उत्तर फुलाच्या रूपापेक्षा ते वाढवण्याच्या कृतीत शोधायला हवे.

सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९९५ ते २००१ या काळात प्रसारित झालेल्या ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या मालिकेतील टुव्होक. तो वल्कन आहे, म्हणजे भावना काबूत ठेवून तर्काने जगण्याची शिस्त पिढ्यानपिढ्या पाळणाऱ्या समाजातला. जहाजाच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्यावर आहे, त्याचे बोलणे तोलूनमापून असते, आणि छंद आहे ऑर्किडचा. १९९६ मधील ‘टुव्हिक्स’ हा भाग तर एका परक्या ग्रहावरच्या ऑर्किडवरच उभा आहे. टुव्होक आणि त्याचा अगदी उलट स्वभावाचा, बडबड्या सहकारी नीलिक्स वनस्पतींचे नमुने घेऊन जहाजावर परततात, आणि त्या ऑर्किडच्या सहजीवी गुणामुळे दोघे मिळून एकच व्यक्ती तयार होते. कथानकापुरती दुसरी कोणतीही काल्पनिक वनस्पती चालली असती. तरीही लेखकांनी ऑर्किड घेतले, आणि ऑर्किड ओळखणाऱ्या माणसाला त्यात एक नेमकेपणा जाणवतो, कारण सहजीवनाशिवाय हे कुळ निसर्गात उगवूच शकत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

टुव्होकचे साहित्यातले पूर्वज शोधायचे तर परग्रहांवर जाण्याची गरज नाही. रेक्स स्टाउट यांनी १९३४ मध्ये नीरो वुल्फ हा गुप्तहेर पहिल्यांदा वाचकांसमोर आणला. न्यूयॉर्कमधल्या त्याच्या घराच्या गच्चीवरील काचगृहात सुमारे दहा हजार ऑर्किड आहेत, आणि सकाळी नऊ ते अकरा व दुपारी चार ते सहा हा वेळ तो त्यांनाच देतो. खाली दारात पोलीस उभे असोत किंवा अशील रडत असो, वेळापत्रक सहसा बदलत नाही. घराबाहेर पडण्याचा त्याला तिटकारा आहे, भावनांच्या प्रदर्शनाचा त्याहून अधिक. हा गुप्तहेर आणि तो वल्कन शेजारी उभे करून पाहावेत. थंड डोके, काटेकोर दिनक्रम, माणसांपासून राखलेले अंतर आणि ऑर्किड असा सगळा संच जसाच्या तसा मिळतो. इथे थेट उसनवारी झालेली असण्याची गरज नाही. ‘ऑर्किडवाला म्हणजे बुद्धीने जगणारा, आत काहीतरी राखून ठेवलेला माणूस’ ही खूणगाठ वाचकांच्या मनात आधीच बसलेली होती, आणि लेखकाला ती एका कुंडीच्या किमतीत वापरता आली.

ही खूणगाठ बसली कशी, हे पाहायला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत मागे जावे लागते. १८१८ मध्ये विल्यम कॅटली यांच्या काचगृहात ब्राझीलहून आलेले एक मोठे जांभळे फूल उमलले. जॉन लिंडली यांनी त्या प्रजातीला कॅटलिया हे नाव दिले, आणि पुढच्या काही दशकांत श्रीमंतांना ऑर्किडचे अक्षरशः वेड लागले. वनस्पतिशिकारी उष्ण कटिबंधातल्या जंगलांत पाठवले जाऊ लागले, झाडांवरची ऑर्किड मिळवण्यासाठी झाडेच तोडली गेली, आणि लिलावात एकेका रोपासाठी प्रचंड बोली लागू लागल्या. ज्याच्याकडे ऑर्किड होते, त्याच्याकडे काचगृह होते, ते तापवण्याचे इंधन होते, माळी होता आणि भरपूर मोकळा वेळ होता. परग्रहावरचे उमराव, राजदूत आणि ज्येष्ठ सल्लागार यांच्या दालनात ऑर्किड ठेवले जाते त्यामागे हा वारसा आहे. माझ्या मते तो या संबंधातला सर्वांत उथळ पदर आहे, आणि आळशी लेखनात तेवढाच वापरला जातो.

त्याच काळाने उलटी प्रतिमाही घडवली. एच. जी. वेल्स यांच्या १८९४ मधल्या एका लघुकथेत लिलावातून आणलेले अनोळखी ऑर्किड काचगृहात फुलते, आपल्या सुगंधाने मालकाला बेशुद्ध करते आणि हवाई मुळांनी त्याचे रक्त शोषू लागते. त्याची घर सांभाळणारी नातेवाईक वेळेवर आत शिरते म्हणून तो वाचतो. इथे परका जीव खुद्द ऑर्किड आहे आणि वाढवणारा सामान्य माणूस आहे. शंभर वर्षांनी टुव्होकच्या वेळी परका जीव वाढवणाऱ्याच्या जागी आला. मधल्या काळात ऑर्किड माणसांच्या इतके परिचयाचे झाले की ते ‘आपल्या’ बाजूला गणले जाऊ लागले, आणि परग्रहवासीयाशी आपले नाते जोडणारा दुवा म्हणून त्याचा उपयोग करता आला. हा उलटफेर मला या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो.

दुसरा उगम पूर्व आशियातला आहे आणि त्याच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. चीनमध्ये सुगंधी सिंबिडियम ऑर्किड विद्वानाच्या शीलाचे प्रतीक मानले गेले. निर्जन दरीत, कोणी पाहणारे नसतानाही ते सुगंध देते, ही कल्पना कन्फ्यूशियसच्या नावाशी जोडलेली आहे. प्लम, ऑर्किड, बांबू आणि शेवंती यांना चित्रकलेत ‘चार सज्जन’ म्हणतात, आणि त्यांतल्या ऑर्किडची लांब पाने शाईच्या एकेका फटकाऱ्यात उतरवणे ही हाताच्या आणि मनाच्या संयमाची कसोटी समजली जाते. संयमी, तर्कनिष्ठ परग्रहवासी रंगवताना पाश्चात्त्य लेखकांनी पूर्वेकडच्या ध्यानपर परंपरांमधून बरेच काही उचलले. ध्यानाची आसने, मेणबत्त्या, पायघोळ झगे आले, तसे त्याच सामानातून ऑर्किडही आले असावे, असे मी मानते.

या परंपरेतला झेंग सिशाओ हा चित्रकार इथे विशेष आठवतो. मंगोलांनी सोंग घराण्याची सत्ता संपवल्यानंतर तो मातीशिवायची ऑर्किड रंगवू लागला: पाने आहेत, फूल आहे, खाली जमीन मात्र नाही. जमीन तर परक्यांनी नेली, मग ती रंगवू कशी, असा त्याचा आशय होता. त्याचे १३०६ चे असे एक लहानसे शाईचित्र आजही जपलेले आहे. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर भरकटलेल्या जहाजावर एखादा वल्कन ऑर्किड वाढवताना दिसला की मला ते चित्र आठवते. बहुसंख्य ऑर्किड निसर्गातही मातीत उगवत नाहीत. ती झाडाच्या फांदीला बिलगून राहतात, त्या झाडाकडून अन्न घेत नाहीत, आणि पावसाचे व धुक्याचे पाणी मुळांवरच्या स्पंजासारख्या पांढऱ्या आवरणात साठवतात. निर्वासिताला, दूताला किंवा अंतराळप्रवाशाला शोभणारी याहून योग्य वनस्पती सुचवणे कठीण आहे.

आता जीवशास्त्राकडे वळते, कारण या कुळाचे खरे परकेपण तिथे आहे. ऑर्किडच्या सुमारे अठ्ठावीस हजार जाती ज्ञात आहेत आणि अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर त्या आढळतात. त्यांचे बी धुळीसारखे बारीक असते, काही जातींच्या एकाच शेंगेत ते लाखोंच्या संख्येने भरलेले असते, पण त्यात अंकुराला पुरेल असा अन्नसाठाच नसतो. वाऱ्याने उडालेले बी योग्य बुरशीच्या संपर्कात आले तरच ती बुरशी त्याला अन्न पुरवते आणि ते रुजते. नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हा संबंध उलगडेपर्यंत ऑर्किडचे बी पेरणे हा निव्वळ नशिबाचा खेळ होता. १९२२ मध्ये लुइस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीविना बी रुजवून दाखवले, आणि तेव्हापासून काचेच्या बंद फ्लास्कमध्ये रोपे वाढवण्याची पद्धत रूढ झाली. अंतराळयानातल्या प्रयोगशाळेत ओळीने मांडलेले रोपांचे फ्लास्क दाखवले जातात, तेव्हा त्यात कल्पनेचा भाग जवळपास नसतो. माझ्याकडचे फडताळही तसेच दिसते.

संकर करण्याची क्रिया जवळून पाहिली म्हणजे हा छंद त्या पात्रांना का चिकटला ते कळते. फॅलेनॉप्सिस या ऑर्किडचे फूल डाव्या हाताच्या दोन बोटांत मागून अलगद धरायचे. फुलाच्या मधोमध पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून झालेला स्तंभ असतो, त्याच्या टोकाशी तांदळाच्या कणीएवढी पांढरी टोपी असते, तिच्या खालून टोकदार काडी वर उचलायची. टोपी सुटते आणि काडीच्या टोकाला दोन पिवळे, कडक परागपुंज चिकटून येतात. त्या क्षणी श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो, कारण ते खाली पडले तर पुन्हा सापडत नाहीत. मग दुसऱ्या रोपाच्या फुलात, स्तंभाच्या खालच्या अंगाला असलेल्या चिकट खळग्यात ते टेकवायचे. एकदोन दिवसांत ते फूल मान टाकते. दोन-तीन महिने टिकले असते असे फूल आपण आपल्या हाताने संपवलेले असते. गंमत अशी की बीजांडे अजून तयारही नसतात, परागीभवन झाल्याची खूण मिळाल्यावरच रोप ती घडवायला घेते. शेंग पिकायला चार ते सहा महिने, फ्लास्कमध्ये साधारण वर्ष, आणि पेरणीपासून पहिले फूल दिसायला फॅलेनॉप्सिसला सुमारे तीन, तर कॅटलियाला पाच ते सात वर्षे लागतात. फूल कसे निघेल, याची खात्री तोपर्यंत नसते. शंभर रोपांतली पंच्याण्णव टाकून द्यावी लागली तरी तक्रार करायची सोय नसते.

दोनशे वर्षे जगणाऱ्या वल्कनाला सात वर्षे म्हणजे काय? लेखकाला त्या पात्राचे दीर्घायुष्य, त्याचा काळाशी असलेला वेगळा हिशोब आणि त्याची शिस्त या सगळ्या गोष्टी एका वाक्याचेही निवेदन न करता सांगता येतात. त्यात वंशावळींची भर पडते. पहिला मानवनिर्मित ऑर्किड संकर १८५६ मध्ये फुलला, आणि त्यानंतरच्या लाखाहून अधिक संकरांचे माता-पिता रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या नोंदवहीत नमूद आहेत. घराणी, कुळे आणि पूर्वजांची नावे यांना महत्त्व देणाऱ्या काल्पनिक समाजाला हा छंद मानवावा, यात नवल नाही.

पण माझ्या दृष्टीने मुख्य कारण याहून खोल आहे. ऑर्किड अतिलाडाने मरते. माझ्या पहिल्या फ्लास्कमध्ये चाळीस रोपे होती. ती बाहेर काढून लावल्यावर मी दिवसातून तीनदा फवारणी केली, दर दोन दिवसांनी मुळे उकरून पाहिली, कोमेजल्यासारखे वाटले की लगेच खत दिले. दीड महिन्यात छत्तीस रोपे कुजली. उरलेली चार मी वैतागून एका कोपऱ्यात सरकवली होती, आणि ती जगली. त्या काळी मला कोणी ‘थोडे कमी प्रेम कर’ असे सांगितले असते तर राग आला असता. नंतर हळूहळू समजले की इथे माया दाखवायची ती लक्ष ठेवून: मूळ रुपेरी दिसू लागले की पाणी, हिरवे असेल तर हात मागे. आतून कितीही ओढ वाटली तरी कृती मोजकीच करायची. विज्ञानकथेतला भावनारहित म्हणवणारा परग्रहवासी नेमका असाच असतो. तो ‘मला तुझी काळजी वाटते’ असे कधीच म्हणणार नाही, पण त्याला ती वाटते हे प्रेक्षकाला कळायला तर हवे. गुलाब दिला तर प्रेम उघड होते, पाळीव प्राणी दिला तर तो लडिवाळ वाटू लागतो. ऑर्किड दिले की त्याची ममता शिस्तीच्या आडून दिसते, आणि त्याला तर्काचा मुखवटाही उतरवावा लागत नाही.

इतर फुले मागे का पडली, हेही यातूनच कळते. गुलाबावर प्रेमाचे आणि कमळावर धर्माचे ओझे आहे, तर बोन्साय एका देशाशी इतके बांधले गेले आहे की परग्रहवासी त्या देशाचा नागरिक वाटू लागतो. ऑर्किड सगळीकडचे आहे, म्हणून कोणा एकाचे नाही. चित्रीकरणाची सोयही विसरू नये. मेणासारख्या पाकळ्यांचे फूल दिव्यांच्या उष्णतेत दिवसभर टिकते, कापडी प्रतिकृतीही पडद्यावर खपून जाते, आणि दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखे, मध्ये ओठ असलेले ते फूल कॅमेऱ्याला चेहऱ्यासारखे दिसते.

एक अडचण मात्र आता उभी राहिली आहे. जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये वाढत्या कोंबाच्या टोकापासून ऑर्किडची रोपे तयार करण्याची पद्धत मांडली, आणि त्यानंतरच्या दशकांत प्रयोगशाळांतून ती घाऊक प्रमाणात निघू लागली. आज फॅलेनॉप्सिस कोणत्याही कचेरीच्या स्वागतकक्षात असते. परग्रहावरच्या ज्ञानी वृद्धाच्या मागे तेच पांढरे फॅलेनॉप्सिस दिसले की मला तो वृद्ध एखाद्या बँकेत बसल्यासारखा वाटतो. लेखकांनी निदान जात तरी बदलावी. जमिनीखालीच फुलणारे ऑस्ट्रेलियातले रायझँथेला आहे, माकडाच्या तोंडासारखे फूल येणारे ड्रॅक्युला आहे, सडक्या मांसासारखा वास मारणारी बल्बोफायलम आहेत. वासाला घाबरू नये, परग्रहवासीयांना तो आवडत असेल.

तपशिलात आणखी दोन ठिकाणी लेखक घसरतात. बहुतेक ऑर्किडची कळी उमलण्यापूर्वी देठात पीळ घेऊन अर्धे वर्तुळ फिरते, म्हणून ओठाची पाकळी खाली येते आणि कीटकाला उतरायला जागा मिळते. हे वळण गुरुत्वाकर्षणाच्या रोखाने ठरते. त्यामुळे वजनरहित जहाजावर सगळी फुले शिस्तीत एकाच दिशेला पाहत असतील, तर जाणकाराला खटकते. सोव्हिएत संघाच्या साल्युत-६ स्थानकावर ऑर्किड खरोखरच नेली गेली होती, आणि सोबत गेलेली फुले तिथे लवकरच गळून पडली, मात्र पाने आणि हवाई मुळे वाढत राहिली. कथेत वापरावा असा हा तपशील आहे: वर्षानुवर्षे हिरवे राहणारे, पण घरापासून दूर फुलायला नकार देणारे रोप.

दुसरी चूक कीटकाला विसरण्याची. मादागास्करच्या अँग्रेकम सेस्क्विपेडेल या पांढऱ्या फुलामागे सुमारे तीस सेंटिमीटर लांबीची नळी असते आणि मध तिच्या तळाशी असतो. ते फूल पाहून डार्विनने १८६२ मध्ये लिहिले की तेवढ्या लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. १९०३ मध्ये त्या पतंगाचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा डार्विनला जाऊन एकवीस वर्षे झाली होती. ऑर्किडचा आकार हा असा कोणा दुसऱ्या जीवाच्या मापाने घडलेला असतो. म्हणून परक्या ग्रहाचे ऑर्किड रंगवणाऱ्याने आधी त्या ग्रहावर रात्री काय उडते ते ठरवावे, आणि ते रोप जहाजावर आणल्यावर तो पतंग मागे राहिला आहे, हेही लक्षात ठेवावे. पुढची पिढी हवी असेल तर त्या शांत, अबोल परग्रहवासीयाला पाण्याच्या झारीबरोबर एक टोकदार काडीही द्यावी लागेल, कारण त्या जहाजावर पतंगाचे काम त्यालाच करायचे आहे.